दुसरा भाग बघितला, पाच जणांची पाच मतं : परीक्षण लिहायचं कसं?

शेवटची_रांग (राजारामपुरी)

मंडळी, नमस्कार. उसाच्या काट्यावरच्या त्या मराठी सिनेमाचा दुसरा भाग आम्ही पाच जणांनी शनिवारी संध्याकाळच्या शोला बघितला. नाव लिहीत नाही. सिनेमा अजून चालू आहे, आणि कोणता ते कोल्हापुरात सांगायला लागत नाही.

ज्यांनी पहिला बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोरगा ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस घालतो. काट्यावर वजन कमी लागतंय असा त्याला संशय येतो, बाहेरच्या खासगी काट्यावर तीच गाडी तोलून तो काटामारी पकडतो, आणि सिनेमा संपतो. दुसऱ्या भागात तोच पोरगा साखरेच्या सट्टेबाजांमागं लंडनला जातो.

कॉलेजच्या भित्तीपत्रकासाठी सहाशे शब्दांचं परीक्षण द्यायचं आहे. कागदावर आतापर्यंत एकच ओळ उतरली आहे : 'पहिल्याची सर नाही.' नेमकं काय बिघडलं ते कसं पकडायचं? मध्यंतरानंतर बरेच संवाद नीट ऐकू आले नाहीत, तो दोष सिनेमाचा की थिएटरचा? एक मित्र म्हणतो पहिल्याशी तुलनाच करू नको, दुसरा म्हणतो तुलना सोडून लिहायला आहे काय. शिवाय गोष्ट किती फोडायची? शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

---

कथा_पटकथा_संवाद

'पहिल्याची सर नाही' हे तुमचं मत झालं. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, कारण पहिल्याची सर कशात होती ते तुम्ही सांगितलेलंच नाही. तिथून सुरुवात करा.

पहिल्या भागात त्या पोराला काय पाहिजे होतं? त्याची बेरीज सिनेमानंच करून दाखवली होती. दर खेपेला १.४ टन कमी, ३,२०० रुपये टन भावानं ४,४८० रुपये, अकरा खेपांचे ४९,२८०. आणि त्याच्या आधीच्याच दृश्यात बहिणीच्या फीची पावती दिसते, ४५,००० ची. म्हणजे चोरीला गेलेला पैसा कुठं लागणार होता ते प्रेक्षकाला न सांगता कळतं. दुसऱ्या भागात आकडा आहे चारशे कोटी. ते कुणाचे, ते गेले तर कुणाच्या घरात काय थांबतं, याचं एकही दृश्य नाही. आकडा वाढला आणि धोका कमी झाला. पुढचे भाग बहुतेक वेळा इथंच घसरतात, आणि ही गोष्ट दोन आकडे शेजारी ठेवून चार वाक्यांत सांगता येते.

आता दुसरं. पहिल्या भागात त्या पोरानं जे शिकलं त्याचं दुसऱ्यात काय झालं ते बघा. पहिल्यात तो दोनदा फसतो आणि मग प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायला लागतो. शेवटी त्याच पावत्या त्याला वाचवतात. दुसऱ्यात बाराव्या मिनिटाला हाच पोरगा न वाचता सही करतो! का? तर पुढचं कथानक त्या सहीशिवाय हलत नाही. लेखकाला गरज पडली म्हणून पात्राला बुद्धू केलंय. माझ्या मते सिनेमा तिथंच मोडला, लंडन पुष्कळ नंतर येतं. परीक्षणाचा कणा हाच धरा.

लंडनवरून आठवलं. 'लंडनला गेला म्हणून वाईट' असं मात्र लिहू नका. गावचा शेतकरी शहरात नेणं ही काही आजची टूम नव्हे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली इथंच, कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीत 'सावकारी पाश' काढला. त्यातला शेतकरी सावकाराच्या तावडीत जमीन घालवतो आणि शहरात गिरणीत कामाला जातो. तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम होते. तीच गोष्ट पेंटरांनी १९३६ मध्ये पुन्हा बोलपट म्हणून केली. तिथं गाव सुटतं ते जमीन गेली म्हणून. आपल्या पोराची जमीन जागेवर, ऊस उभा, बहिणीचं शिक्षण चालू. मग तो विमानात का बसला? याचं उत्तर सिनेमाकडं नाही, एवढंच लिहा.

लांबीचा हिशेबही मांडा. सिनेमाच्या आधी पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, त्यावर मिनिटं असतात. पहिला १२२, दुसरा १५८. म्हणजे ३६ मिनिटं जास्त. ती कुठं गेली? लंडनचा पाठलाग आणि हॉटेल मिळून २२, दोन जादा गाणी ८, खलनायकाचं बालपण ६. यातलं काय काढलं तर गोष्टीचं काही बिघडत नाही, हे स्वतःलाच विचारा. माझ्या मते बालपण पूर्ण आणि एक गाणं जाऊ शकतं. पाठलाग राहिला तरी चालेल, तो चांगला चित्रित केलाय.

मध्यंतराचीही एक खूण आहे. पहिल्यात ५८ व्या मिनिटाला दोन पावत्या शेजारी ठेवल्या आणि दिवे लागले. दुसऱ्यात ८४ व्या मिनिटाला हेलिकॉप्टर उतरतं आणि दिवे लागतात. बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेत तुमच्यात 'आता पुढं काय?' असं कोण म्हणालं आणि 'अजून किती राहिलाय?' असं कोण म्हणालं, ते आठवा.

सिनेमाच्या श्रेयनामांच्या पाटीवर कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावं वेगवेगळी येतात. दोन्ही भागांची ताडून बघा. कथा त्याच माणसाची आणि पटकथा दुसऱ्याची असेल तर ती बातमी आहे, ती द्या. पण 'निर्मात्यानं दबाव आणला असणार' असले अंदाज नकोत. तुम्ही पडद्यासमोर बसला होता, ऑफिसात नाही.

पहिला भाग लिहायच्या आधी पुन्हा बघा. 'पावती दाखव' हे वाक्य पहिल्यात दोनदा येतं, दुसऱ्यात मी नऊ वेळा मोजलं. पहिल्यात ते मार खाल्लेला पोरगा म्हणतो. दुसऱ्यात खलनायक म्हणतो, नायिका म्हणते, लंडनचा टॅक्सीवालासुद्धा म्हणतो.

---

बूथमधला

आवाजाचं मी सांगतो. दिग्दर्शकाला शिव्या घालायच्या आधी हे तपासा.

संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत डाव्या-उजव्यातून, आजूबाजूचे आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून. त्यामुळं 'ऐकू आलं नाही' याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा होतात.

दोन माणसं शांत खोलीत बोलतायत, मागं संगीत नाही, तरीही शब्द गिळल्यासारखे वाटले, आणि हे पहिल्यापासून शेवटपर्यंत : मधला स्पीकर कमजोर आहे. दोष थिएटरचा.

शांत दृश्यं स्वच्छ, फक्त पाठलागात आणि गाण्याच्या तोंडाला शब्द बुडाले : मिक्सिंग (संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवणं) तसंच केलंय. दोष सिनेमाचा, बिनधास्त लिहा.

मध्यंतरापर्यंत सगळं ठीक, नंतर एकदम बारीक : आवाज कुणीतरी खाली घेतलाय. तुमचं वर्णन वाचून मला हेच वाटतंय. मध्यंतरात जाहिराती कर्कश लागतात, कुणीतरी डोअरकीपरला बोलतं, ऑपरेटर आवाज खाली घेतो आणि सिनेमा सुरू झाल्यावर परत वर घ्यायचं राहून जातं. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर ० ते १० असा आकडा असतो आणि सिनेमा ७ वर ऐकून मिक्स केलेला असतो. ४ च्या वर प्रत्येक आकड्याला साधारण ३.३ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे ७ चा ५ केला की जवळजवळ पावणेसात डेसिबल गेले. स्फोट तरीही मोठेच वाटतात, पण कुजबूज मरते. त्यामुळं लोकांना वाटतं संवादच वाईट रेकॉर्ड केलेत.

यावर उपाय तिथल्या तिथंच असतो. मध्यंतरानंतर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन डोअरकीपरला सांगायचं, 'संवाद ऐकू येईनात, आवाज वाढवा.' सिनेमा सुटल्यावर सांगून पुढच्या शोवाल्यांचं भलं होतं, तुमचं नाही.

आणि दादा, नाव 'शेवटची_रांग' आहे म्हणून विचारतो, बसला होता कुठं? मागच्या भिंतीला टेकून बसलं की भिंतीवरचे स्पीकर डोक्याशी येतात आणि पडदा लांब जातो. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचा साधारण दोन-तृतीयांश भाग मागं जाऊन, मध्यभागी बसावं. आवाजाची जुळणी करताना साधारण तिथलाच आवाज धरतात. पाच तिकिटं सलग मिळत नसतील तर तीन आणि दोन अशी मागंपुढं घ्या, पण कोपऱ्यात सलग पाच घेऊ नका.

चित्राचंही बघा. रात्रीच्या उसाच्या फडातली दृश्यं काळीकुट्ट दिसली अशी तक्रार बरेच जण करतायत. साध्या टूडी सिनेमाला पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड असावा असं प्रमाण आहे. दिवा जुना झाला की तो कमी होत जातो. थ्रीडीचा फिल्टर लेन्सपुढं तसाच राहिला तर निम्म्याहून जास्त उजेड तिथंच अडतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे तेच प्रमाणपत्र. त्याचा कागद पांढरा दिसायला पाहिजे. तो मळक्या धोतरासारखा दिसत असेल तर फडाचा काळोख कॅमेरामनच्या माथी मारू नका.

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे चित्र कापलं असं नाही. रुंद चौकटीचा सिनेमा (२.३९ : १) कमी रुंद पडद्यावर दाखवला की त्या येणारच. पाटीची अक्षरं कडेला तुटली किंवा सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर गेली, तर मात्र मांडणी चुकलीय.

एक सावधगिरी. परीक्षणाला फोटो पाहिजे म्हणून पडद्याचा व्हिडिओ काढायचा नाही, दहा सेकंदांचासुद्धा. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानं चोरून रेकॉर्डिंगला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवलाय. टिपणं काढायला खिशातली छोटी वही घ्या. एका पानावर एकच टीप, मोठ्या अक्षरात, अंधारात न बघता. एका पानावर चार टिपा लिहिल्या की घरी काही लागत नाही.

---

नाद_खुळा_४१६

एवढं कशाला? पाच जणांचे तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग मिळून किती गेले ते लिही आणि खाली 'त्यापेक्षा तांबडा-पांढरा वरपला असता' असं लिही. झालं परीक्षण.

---

भेळ_मग_बोलू

नाद_खुळा भावा, पैशाचा मुद्दा तसा बरोबर आहे, फक्त तो वाचकाच्या बाजूनं लिहायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, शंभरच्या वरच्या तिकिटावर १८. म्हणजे १०० चं तिकीट १०५ ला पडतं आणि १५० चं १७७ ला. ऑनलाइन काढलं तर दर तिकिटामागं सुविधा शुल्क वेगळं, पाच तिकिटांवर ते जाणवतं. 'संध्याकाळच्या भावात नको, सकाळच्या शोला चालेल' हे वाक्य वाचकाच्या कामाचं आहे. पण महाग पडला म्हणून सिनेमा वाईट, असं होत नाही.

आता पाच जणांच्या पाच मतांचं. बाहेर पडल्या पडल्या पार्किंगमध्ये बोलायला सुरुवात झाली की खेळ संपला. ज्याचा आवाज मोठा त्याचं मत दहा मिनिटांत सगळ्यांचं होतं. रंकाळ्यावर नाहीतर खासबागेत भेळेच्या गाडीवर जा. भेळ हातात यायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या फोनवर तीनच गोष्टी लिहायच्या, एकमेकांना न दाखवता. पहिली, कुठं कंटाळा आला (कोणतं दृश्य, साधारण कुठं). दुसरी, कुठं अंगावर काटा आला किंवा हसू आलं. तिसरी, काय कळलंच नाही. मग आळीपाळीनं वाचायचं, आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्याची पाळी शेवटी.

वाचून झालं की जुळतंय काय ते बघा. पाचातल्या चौघांना एकाच ठिकाणी कंटाळा आला असेल तर ती जागा सिनेमात सैल आहे, ते ठामपणे लिहा. एकालाच आला असेल तर ती त्याची झोप. आणि पाचात एखाद्यानं पहिला भाग बघितलाच नसेल तर तो तुमचा हुकमाचा पत्ता. त्याला न कळलेल्या गोष्टींची यादी घ्या. पुढचा भाग स्वतःच्या पायावर उभा आहे का, हे पहिला बघितलेल्या चौघांना सांगता येणार नाही. परीक्षणात 'पहिला न बघितलेल्याला बहिणीचा राग कशाचा ते कळत नाही' अशी एक ओळ घाला. मित्रांची नावं घालायची गरज नाही.

कथा_पटकथा_संवाद यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. पहिला भाग आधी परत बघू नका. लोक थिएटरात जातात ते दोन वर्षांपूर्वीची धूसर आठवण घेऊन. आदल्या रात्री पहिला बघून दुसऱ्याला बसलं की प्रत्येक पुनरावृत्ती टोचते, मग परीक्षण म्हणजे चुकांचा पंचनामा होतो. आधी परीक्षणाचा कच्चा खर्डा करा. मग पहिला बघा, तोही वाक्यं आणि मिनिटं ताडण्यापुरता.

गोष्ट फोडण्याबद्दल : ट्रेलरमध्ये दिसलंय ते लिहा. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतलं लिहा, ते कळलं म्हणून कुणाची मजा जात नाही. त्यापुढचं मात्र काय घडलं ते न सांगता त्याचा परिणाम सांगा. 'मामाच फितूर निघतो' असं न लिहिता 'शेवटचा धक्का बसत नाही, कारण त्या माणसाला सिनेमानं आधी दोनच दृश्यं दिलीत' असं लिहा. दोष तोच, आणि गुपित शाबूत.

(मामाचं मी उदाहरणादाखल लिहिलंय. कोण फितूर आहे ते जाऊन बघा.)

---

कथा_पटकथा_संवाद

खर्डा आधी, हे मान्य. पण आठवणीवर विसंबून वाक्य अवतरण चिन्हात टाकू नका. निम्म्या परीक्षणांत पहिल्या भागातला म्हणून जो संवाद छापून येतो, तो खरा ट्रेलरमधला असतो, सिनेमात वेगळाच असतो.

---

मी_आलो_की (शिवाजी पेठ)

भाषेचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. (हो, मी बाईच आहे. आमच्याकडं असंच बोलतात, आणि माझा मुद्दाही हाच आहे.)

पहिल्या भागात पोराची आई दारातनं हाक मारते, 'थांब, मी आलोच की.' कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी सांगितलो न्हवं' असंच बोलतात. त्या एका 'आलो'वर थिएटर हसलं होतं. चेष्टेनं नाही, आपल्या घरातली आई पडद्यावर दिसली म्हणून. दुसऱ्या भागात तीच नटी, तीच आई, तेच दार, आणि ती म्हणते, 'थांब रे, मी आलेच.' आता ही आई कोथरूडची झाली.

भरपाई म्हणून काय केलंय? दर चार वाक्यांमागं 'नाद खुळा', 'खटक्यावर बोट जाग्यावर पलटी', 'भावा'. शब्द कोल्हापुरी, व्याकरण पुण्याचं. पहिल्यात 'काय करायलाईस?' होतं, दुसऱ्यात 'काय करतोयस भावा?' आहे. शेवटी भावा चिकटवला म्हणून वाक्य इकडचं होत नाही. बोली क्रियापदात असते. म्हणी काय, टी-शर्टवरसुद्धा छापून मिळतात.

परीक्षणात हे लिहिताना दोन्ही भागांतली एकेक ओळ शेजारी द्या, स्पष्टीकरण एका वाक्यात. इथला वाचक लगेच समजेल, आणि बाहेरच्यालाही फरक डोळ्यांनी दिसेल.

पण अन्यायही नको. लंडनमध्ये वकिलाशी बोलताना पोरगा पुस्तकी मराठी बोलतो, ते बरोबर आहे. आपण सगळेच परक्या माणसापुढं भाषा सरळ करतो. चूक आहे ती रात्री आईला फोन करतो तिथं. हॉटेलच्या खोलीत एकटा, समोर कुणी नाही, आणि आईशी बोलतोय, 'तू काळजी करू नकोस, मी लवकरच परतेन.' आईला 'परतेन' कोण म्हणतं? तिथं बोली परत आली असती तर लंडनचा सगळा भाग एका वाक्यानं घरी आला असता. नटाला ते जमलं नाही असं नाही, पहिल्यात त्यानं करून दाखवलंय. संवाद लिहिणाऱ्यानं दिलंच नाही. दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा ते असं तपासून टाका, नाहीतर दरवेळी नटच मार खातो.

चांगलं काय ते पण लिहा. बहिणीचं काम दुसऱ्या भागात जास्त चांगलं झालंय. फडात कोयता चालवायच्या दृश्यात ती ऊस बुडातनं, जमिनीलगत तोडते आणि वाढं (उसाचा वरचा हिरवा शेंडा) छाटून बाजूला टाकते. सिनेमातल्या बऱ्याच नट्या ऊस मधेच तोडतात. कुणीतरी तिला आठ-दहा दिवस फडात उभं केलं असणार.

---

शेवटची_रांग

सगळ्यांचे आभार. मध्यंतरानंतरच आवाज गेला होता हे आता लक्षात आलं, त्यामुळं तो मुद्दा परीक्षणातून काढला. आमच्यातल्या एकानं पहिला भाग बघितलेला नाही, त्याची न कळलेल्या गोष्टींची यादी अकरा ओळींची निघाली! तो आणि मी उद्या दुसऱ्या थिएटरात सकाळच्या शोला जातोय.

सुरुवात अशी केली आहे, बघा जमतंय का :

'पहिल्या भागात ४९,२८० रुपयांसाठी श्वास रोखून बसलेलं थिएटर दुसऱ्या भागात चारशे कोटींसाठी मोबाइल काढतं. कारण ४९,२८० कुठं लागणार होते ते आपल्याला माहीत होतं. बाराव्या मिनिटाला आपला नायक न वाचता सही करतो. ज्या पोरानं आपल्याला पावती जपायला शिकवलं, त्याला हा सिनेमा ओळखत नाही.'

एक शंका राहिली. शेवटाकडं वजनाची पावती मोठी करून दाखवतात त्यात आकडे काहीतरी विचित्र वाटले. मित्र म्हणतो माझा भास. कुणी नीट बघितलंय का?

---

कथा_पटकथा_संवाद

सुरुवात चांगली. 'मोबाइल काढतं' मात्र तपासून ठेवा, तुमच्या शोला काढले म्हणजे सगळ्या शोला काढले असं नाही. 'आमच्या शोला' हे दोन शब्द घाला. शेवटचं वाक्य थोडं पल्लेदार झालंय, पण राहू दे.

---

काटा_पावती

भास नाही. पावतीवर तीन वजनं असतात. भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी करून निव्वळ उसाचं. शिवाय गाडी नंबर आणि दोन्ही वेळा. गाडी आधी भरलेली काट्यावर येते, ऊस खाली केला की रिकामी परत येते, म्हणून वेळा दोन. पहिल्या भागातली पावती या सगळ्यासकट बरोबर होती, वेळांतलं अंतरसुद्धा पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या भागातली मी दोनदा बघितली. भरलेली ३१.४६०, रिकामी ९.८२०. निव्वळ लिहिलंय २२.६४०. करा वजाबाकी, २१.६४० येतंय. एक टन वर गेला. काटामारी पकडणाऱ्या सिनेमात पावतीच एका टनानं चुकलेली, आणि चुकलीय तीही शेतकऱ्याच्या फायद्याची.

आता हा कला विभागाचा निष्काळजीपणा, की तिसऱ्या भागासाठी पेरलेलं बी, हे सांगता येत नाही. पोरगा त्या पावतीकडं बघून क्षणभर थांबतो, हे खरं आहे. पण मग तो ती खिशात न ठेवता टेबलावर सोडून जातो. तुम्ही सहीबद्दल जे लिहिलंय त्याच्याशी हे जुळतंय, त्यामुळं एका ओळीत घालायला हरकत नाही. फक्त 'चूक' असं म्हणू नका, आकडे तेवढे द्या. वजाबाकी वाचक करतील.

उद्या जाताय ना सकाळच्या शोला? १३१ व्या मिनिटाला येते, चार-पाच सेकंदच टिकते. एकानं वरचे दोन आकडे लक्षात ठेवा, दुसऱ्यानं खालचा. आणि मागच्या भिंतीला टेकून बसू नका.